चुंबकीय क्षेत्र आडवे असेल तर

चुंबकीय क्षेत्रातही इलेक्ट्रॉन गुरुत्वामुळे खालीच पडेल, हे विधान क्षेत्र उभे असेल तरच लागू पडते. साताऱ्यातल्या एखाद्या प्रयोगशाळेत १ टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) आडवे क्षेत्र मानले, तर इलेक्ट्रॉन गुरुत्व आणि क्षेत्र या दोहोंना काटकोनात, सेकंदाला सुमारे ५६ पिकोमीटर (पिको म्हणजे एकाचा लाख-कोटीवा भाग), म्हणजे वर्षाला जेमतेम पावणेदोन मिलिमीटर सरकतो. १८३६ पट जड असलेला प्रोटॉन वर्षाला तीन मीटरांहून अधिक. पुंजयामिकीतली (क्वांटम मेकॅनिक्समधली) गंमत याहून वेगळी आहे: एकाच लँडाऊ पातळीतील (चुंबकीय क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनला मिळणाऱ्या ठरावीक ऊर्जापातळ्यांपैकी एकीतील) ज्या असंख्य अवस्थांची ऊर्जा एरवी तंतोतंत सारखी असते, त्या गुरुत्वामुळे उंचीनुसार वेगळ्या होतात, पण दोन पातळ्यांमधील ऊर्जेचे अंतर तेवढेच राहते. मीटरला ५६ पिकोव्होल्टच्या भटक्या विद्युतक्षेत्राचा जोरही इलेक्ट्रॉनच्या वजनाइतका असतो, म्हणून तेही हा परिणाम झाकून टाकते, आणि प्रयोगाचे घोडे तिथेच अडते.