लाइट नाही, सहा दिवसांची पिल्लं आहेत. आजची रात्र कशी काढू?

मळ्यातली_निफाड
नमस्कार. मोबाइल २२ टक्क्यांवर आहे, म्हणून भराभर लिहिते.

निफाड तालुक्यात मळ्यात राहतो. बचत गटाचं कर्ज काढून कावेरी जातीच्या कोंबडीची २०० पिल्लं आणली, आज सहावा दिवस. शेडच्या कोपऱ्यात पत्र्याचं गोल कडं, खाली भाताचं तूस, वर शंभर वॅटचे चार पिवळे बल्ब. छान चाललं होतं. काल दुपारी डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली. वायरमन म्हणतात, उद्या दुपारपर्यंत दुसरी बसेल.

काल रात्री घरच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढून दोन बल्ब लावले. लख्ख उजेड पडला, पिल्लं खाली जमली, मी निर्धास्त झोपले. पहाटे साडेचारला गेले तर सगळी एकमेकांवर चढलेली. बल्बला हात लावला तर गार. एलईडीचे होते, माझ्या लक्षातच आलं नाही. ढीग हाताने सोडवला. वरची ओरडत होती, खालची १७ गेलेली. चपटी झालेली, पिसं ओली. एकाची मान लुळी होती, पाय पहाटेच्या हँडपंपाच्या दांड्यासारखे गार. तरी पोटाला किंचित धडधड लागली. पदराखाली छातीशी धरून बसले. अर्ध्या तासाने त्याने चोच उघडली. पायाला निळा दोरा बांधून ठेवलंय.

आज थंडी कालच्यापेक्षा जास्त आहे. आमचे मालक रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवणार आहेत. ते म्हणतात, घमेल्यात कोळसे पेटवून शेडमध्ये ठेवू आणि पडदे सोडून घेऊ. मला भीती वाटते. करू का? १८३ राहिलीत.

भातखाचर_कर्जत
ताई, शेजारी कुणाची खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी आहे का बघा. अंधार पडल्यावर तिच्या पंखाखाली हळूच दहा-बारा पिल्लं सरकवायची. आमची आजी असंच करायची. पण सकाळी लक्ष ठेवा, सगळ्याच कोंबड्या परकी पिल्लं घेत नाहीत, काही टोचतात. १८३ ना हा उपाय पुरणार नाही, पण सगळ्यात अशक्त असतील त्यांना उपयोगी पडेल.

खुराडं_जुन्नर
ताई, कोळसे अजिबात नको. आधी हे मालकांना वाचून दाखवा, मग पुढचं.

बागेत वर आभाळ मोकळं असतं, शेडमध्ये तुम्ही पडदे सोडणार. धूर दिसतो, डोळे चुरचुरतात, म्हणून माणूस सावध होतो. पण धूर संपून निखारा लालबुंद झाला की जो वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही. मी पहिल्याच वर्षी हे केलं. सकाळी पिल्लं जागच्या जागी बसल्यासारखी मेलेली होती, शेड मात्र उबदार. माणूस आत झोपला असता तर तोही उठला नसता.

आता रात्रीचं सांगतो. शेड गरम करायच्या नादी लागू नका, पिल्लं घरात आणा. किराणा दुकानातून उंच खोकी आणा, द्राक्षाची बुटकी पडतात. एका खोक्यात २५ च्या वर नाही, म्हणजे आठ खोकी लागतील. ढीग झाला तरी लहान होतो, तळाशी कुणी चेंगरत नाही. खाली दोन-तीन बोटं कोरडं तूस. कडकडीत पाणी स्टीलच्या बाटलीत भरा, झाकण घट्ट आहे ना ते उलटी करून बघा, जुन्या सॉक्समध्ये घाला आणि खोक्याच्या एका बाजूला आडवी ठेवा. मधोमध नको. ज्याला जास्त गरम होईल त्याला लांब सरकायला जागा हवी. कोल्ड्रिंकची बाटली वापरू नका, उकळतं पाणी ओतलं की आक्रसते आणि गळते. ओलं पिल्लू गारठ्यात टिकत नाही. बाटल्या कमी पडल्या तर विटा चुलीत तापवून गोणपाटात गुंडाळा. वरून गोधडी, पण चार बोटं फट ठेवा.

दर दोन तासांनी पाणी बदलायचं. गजर लावा. गोधडी उचलायच्या आधी कान द्या. बारीक, मऊ चिवचिव असेल तर ठीक. एकसारखा कर्कश ओरडा म्हणजे गारठलीत. चोच उघडी, पंख फाकलेले म्हणजे जास्त तापलं. या वयात ती स्वतःची ऊब धरू शकत नाहीत, पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास लागतं. पिसं भरायला तीन-चार आठवडे जातात.

आणि गारठलेल्या पिल्लाच्या चोचीत पाणी घालू नका, श्वासनळीत जातं. आधी ऊब, मान धरायला लागलं की कोमट गूळपाणी.

माणदेशी_ट्रॅक्टर
दादांचं बरोबर. त्यात भर एवढीच. ट्रॅक्टर असेल तर बॅटरीवर हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब चालतो, तो खरोखर तापतो. साडेचार अँपिअरच्या पुढे ओढतो, म्हणजे आठ तासांत ३७ अँपिअर-अवरच्या आसपास. ७५ अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी उतरते, सकाळी ट्रॅक्टर ढकलून सुरू करायची तयारी ठेवा. बल्ब खोक्यात लावू नका, तूस पेटेल. एखाद्या कोपऱ्यात कडं करून तारेने वर टांगा आणि त्या रात्री जागं राहा.

मळ्यातली_निफाड
सगळ्यांना सांगते. ट्रॅक्टर आमच्याकडे नाही, बाटल्या आणि विटांवर रात्र काढली. सासूबाई चुलीपाशी बसून पाणी तापवत होत्या, मी बदलत होते. दोनच्या सुमाराला एका खोक्यातून ओरडा आला, बघितलं तर सॉक्स निसटून बाटली थंड झालेली. लगेच बदलली. मालकांनी दादांचं लिहिलेलं दोनदा वाचलं आणि घमेलं स्वतःच बागेत नेलं.

सकाळी १८१. दोन गेली, ती कालपासूनच पंख पाडून होती. निळ्या दोऱ्याचं आहे, थोडं लंगडतं.

डीपी दुपारी तीनला बसली. पिवळे बल्ब परत लावले, एलईडी काढून घरात नेले. दादा, उद्या लासोटाची (राणीखेत रोगाची) लस होती. देऊ का?

खुराडं_जुन्नर
गारठ्यातून उठलेल्या पिल्लांना लगेच नको. खायला-पळायला लागू द्या, दोन दिवसांनी डॉक्टरांना विचारून डोळ्यात थेंब टाका. आणि आज प्रत्येकाचं शेपटीखाली बघा, गारठलेल्यांची विष्ठा चिकटून वाट बंद होते. कोमट पाण्यात कापूस भिजवून हळू सोडवा, ओढू नका.