हळदीतल्या कर्क्युमिनने पेशी वाचतात, पण रॅटच्या हृदयात काहीच फरक नाही. चूक कुठे शोधावी?

पिपेटवाला:
एच९सी२ पेशींना (रॅटच्या हृदयातून आलेल्या, प्लेटवर वाढवलेल्या) १० मायक्रोमोलर कर्क्युमिन देऊन २४ तास ठेवलं, मग ६ तास १ टक्का ऑक्सिजन आणि ३ तास नेहमीची हवा. एमटीटीत (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) पेशी जवळजवळ कंट्रोलइतक्याच (औषध न दिलेल्या गटाइतक्याच) जिवंत दिसतात. तेच कर्क्युमिन रॅटना १०० मिग्रॅ/किलो तोंडावाटे ७ दिवस दिलं, हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी एलएडी धमनी ३० मिनिटं बांधली, सोडल्यावर २४ तास थांबलो. टीटीसीत (जिवंत स्नायू लाल करणारा रंग, मेलेला पांढरा राहतो) मेलेला भाग दोन्ही गटांत सारखाच, आणि एकाच गटातले आकडेही फार विखुरलेले. डोस वाढवू, पायपरिन (मिऱ्यातलं, शोषण वाढवणारं) जोडू, की क्वेरसेटिन या दुसऱ्या वनस्पतिज रसायनाकडे वळू?

पेशीघर:
डोसला अजून हात लावू नका. मला संशय प्लेटवरच्या निकालाचाच येतो.

एमटीटी पिवळ्याचं जांभळं होतं ते क्षपणामुळे (इलेक्ट्रॉन मिळाल्यामुळे). जिवंत पेशी ते करतात, तसं कर्क्युमिनसारखं पॉलिफेनॉलही करतं, पेशी नसल्या तरी. एका ओळीत पेशी न टाकता नुसतं मीडियम, कर्क्युमिन आणि एमटीटी घालून बघा. ती ओळ जांभळी झाली तर तुमच्या 'जिवंत' पेशींतला तेवढा वाटा रसायनाचा आहे. एमटीटी घालण्याआधी वेल (प्लेटवरचे खळगे) दोनदा धुवा. शिवाय कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं आणि हिरवं चमकतं, त्यामुळे डीसीएफडीएचं (ऑक्सिडेशनचा ताण हिरव्या चमकेवरून मोजणारा रंग) वाचनही गढूळ होतं. मेलेल्या पेशी प्रोपिडियम आयोडाइडने लाल करा आणि मायक्रोस्कोपखाली मोजा.

दुसरं, २४ तासांनी वेलमध्ये कर्क्युमिन उरतं का? सीरम नसलेल्या, पीएच ७.४ च्या बफरमध्ये ३७ अंशांना अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के विघटन होतं. १० टक्के सीरम असेल तर बरंच जास्त टिकतं. म्हणून मीडियम कोणतं होतं ते लिहाच. स्टॉक ३.६८ मिग्रॅ प्रति १ मिली डीएमएसओ या द्रावकात (१० मिलिमोलर), त्याच दिवशी बनवलेला, फॉइलमध्ये गुंडाळलेला. १:१००० ने पातळ केला की १० मायक्रोमोलर होतो आणि डीएमएसओ ०.१ टक्क्यावर राहतो. कंट्रोललाही तेवढंच डीएमएसओ द्या. बाटलीवर 'कर्क्युमिन' लिहिलेलं असलं तरी आत बहुधा तीन कर्क्युमिनॉइड्सचं मिश्रण असतं, घटक वेगळे करून मोजणारी एचपीएलसी करून घ्या.

हायपॉक्सियाचंही (कमी ऑक्सिजनचंही) तसंच. चेंबर १ टक्क्यावर गेला म्हणजे पेशींजवळचं मीडियम गेलं असं नाही, त्याला तास लागतात. मीडियम आदल्या रात्रीच चेंबरमध्ये उघडं ठेवा. त्यात ग्लुकोज नको. ४.५ ग्रॅम/लिटर ग्लुकोज असेल तर एच९सी२ ग्लायकोलिसिसवर (ऑक्सिजनविना ग्लुकोज मोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर) आरामात तग धरतात. या धडधडणाऱ्या हृदयपेशी नाहीत, रॅटच्या भ्रूणहृदयातून आलेले मायोब्लास्ट (स्नायूंच्या अपरिपक्व पेशी) आहेत, हे लक्षात ठेवूनच निष्कर्ष लिहा.

क्वेरसेटिनने हा गुंता सुटणार नाही. तेही एमटीटीला फसवतं, वर मीडियममध्ये ऑक्सिडाइझ होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घातलेली एक ओळ ठेवली तर परिणाम कशाचा ते कळेल.

लाल_पांढरं:
प्राण्यांच्या बाजूने बोलतो.

७ दिवस आधी औषध देणं म्हणजे हृदयविकाराचा झटका येणार हे आधीच माहीत असणं. रुग्ण येतो तेव्हा धमनी बंद झालेली असते. प्रश्न उपचाराचा असेल तर धमनी सोडण्याच्या ५ मिनिटं आधी शिरेतून द्या. तिथे अडचण विद्राव्यतेची. डीएमएसओतलं कर्क्युमिन सलाइनमध्ये टाकलं की क्षणात गढूळ होतं, आणि तेच स्फटिक तुम्ही शिरेत सोडता. थेंबभर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघा, सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवाचं ४२५ वर वाचन घ्या, मगच मात्रा लिहा. नुसत्या वाहकाचा (औषध ज्यात मिसळलं त्या द्रवाचा) वेगळा गट हवाच.

तोंडावाटेचं गणितही कच्चं आहे. माणसांत ८ ग्रॅम दिल्यावरही एका अभ्यासात रक्तातलं सरासरी शिखर १.८ मायक्रोमोलरच्या आसपास होतं, त्यामुळे प्लेटवरचे १० मायक्रोमोलर हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचत नाहीत. पायपरिनने शोषण वाढतं, पण ते यकृतातलं चयापचयच अडवतं, म्हणून नुसत्या पायपरिनचा गट नसेल तर निकाल वाचता येणार नाही.

विखुरलेल्या आकड्यांचं मुख्य कारण बहुधा तापमान. गुदाशयातला प्रोब आणि हीटिंग पॅड लावून ३७ अंशांवर, अर्ध्या अंशाच्या आत ठेवा. शरीर थंड पडलं तर मेलेला भाग आपोआप लहान होतो. दुसरं कारण टाक्याची जागा. टाका वर-खाली झाला की धोक्यातलं क्षेत्र (धमनी बांधल्यावर रक्त न मिळणारा भाग) बदलतं, म्हणून मेलेला भाग नेहमी त्या क्षेत्राच्या टक्क्यांत द्या, नुसत्या डाव्या जवनिकेच्या नाही. भूल आयसोफ्लुरेनची असेल तर तीच हृदय वाचवते, कंट्रोलचाही आकडा खाली येतो.

धमनी बांधलेला ६-० चा बारीक धागा सोडल्यावर काढू नका, सैल तिथेच राहू द्या. २४ तासांनी तोच पुन्हा आवळून इव्हान्स ब्लू हा निळा रंग रक्तात सोडा, न निळावलेला भाग म्हणजे धोक्यातलं क्षेत्र. हृदय २० मिनिटं उणे २० अंशांना ठेवलं की २ मिमीचे काप नीट पडतात. १ टक्का टीटीसी, पीएच ७.४, ३७ अंश, १५ मिनिटं, मधे काप उलटा. मग रात्रभर १० टक्के फॉर्मालिन, त्याने पांढऱ्या-लालची सीमा उठून दिसते. दोन्ही बाजूंचे फोटो आणि प्रत्येक कापाचं वजन घ्या. मोजणाऱ्याला गट माहीत नको.

आणि ५ मिनिटं बंद, ५ मिनिटं चालू अशी तीन आवर्तनं करून इस्किमिक प्रीकंडिशनिंगचा (थोडा वेळ रक्त अडवून हृदयाला आधीच तयार करण्याचा) गट घ्या. त्यातही मेलेला भाग घटला नाही, तर दोष तुमच्या मॉडेलमध्ये आहे.

वाचक_२१:
घरात नुकताच झटका आलेला रुग्ण आहे. हळदीच्या कॅप्सूल द्याव्यात का?

लाल_पांढरं:
स्वतःहून नका देऊ. झटक्यानंतर दिली जाणारी टिकाग्रेलॉर (रक्ताच्या गुठळ्या रोखणारं) आणि अॅटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं) ही औषधं सीवायपी३ए४ या एन्झाइमवाटे मोडतात आणि पायपरिन तोच एन्झाइम अडवतं. कर्क्युमिन प्लेटलेट्सही थोडे मंदावतं, दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या जोडीला रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. जे आधीच चालू असेल ते डॉक्टरांना नावासकट सांगा.

पेशीघर:
वनस्पतीतून आलेलं आणि मोठ्या चाचण्यांतून गेलेलं उदाहरण कोल्चिसिनचं. २०१९ च्या कोलकॉट चाचणीत झटक्यानंतर ३० दिवसांच्या आत रोज ०.५ मिग्रॅ सुरू केलं, ४,७४५ रुग्ण, हृदय-रक्तवाहिन्यांच्या पुढच्या घटना (झटका, पक्षाघात वगैरे) ७.१ वरून ५.५ टक्के. कोव्हर्ट-एमआयमध्ये (२०२१) ते झटक्याच्या वेळीच दिलं आणि एमआरआयवर मेलेल्या स्नायूचा आकार घटला नाही. २०२४ च्या क्लिअर सिनर्जीत ७,०६२ रुग्णांत पुढच्या घटनाही घटल्या नाहीत. म्हणून पेपरात 'संरक्षण' लिहाल तेव्हा स्नायू वाचवणं म्हणायचंय की पुढचा झटका टाळणं, ते पहिल्याच ओळीत लिहा.

पिपेटवाला:
पेशीविरहित ओळ आणि कॅटलेजची ओळ उद्याच लावतो. तापमानाच्या नोंदी बघितल्या, प्रोब फक्त टाका घालेपर्यंत होता.

लाल_पांढरं:
मग आधी तो धमनी सुटेपर्यंत आणि शुद्ध येईपर्यंत ठेवा. बाकी काही न बदलता सहा कंट्रोल करा, विखुरणं किती कमी झालं ते इथे टाका.