मदत हवी आहे: मोठ्या माणसांच्या नागरिकशास्त्राच्या वर्गाला गावाचा पाठिंबा कसा मिळवू?

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातला. गावच्या वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ आम्ही चौघं वर्ग घेतो. ग्रामसभेत प्रश्न कसा मांडायचा, पंचायतीचं अंदाजपत्रक कसं वाचायचं, 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज कसा लिहायचा, एवढंच.

येतात सहा-सात जण. बाकीचे म्हणतात, "आता या वयात नागरिकशास्त्र? शाळेत वीस मार्कांचं होतं तेच पुरे झालं!" काहींना वाटतं, मी निवडणुकीला उभा राहणार. (नाही हो, द्राक्षबागच आवरत नाही.)

पण ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100, यातली कमी असेल तेवढी माणसं लागतात. आमच्याकडे तेवढीही जमत नाहीत. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग चार डोकी ठराव करतात. ज्या भागात इंग्रजांच्या काळात लोकांनी स्वतःचा कारभार, म्हणजे प्रतिसरकार, चालवलं, तिथं ही गत!

2 ऑक्टोबरची सभा ऐन छाटणीत येते, त्याआधी हवा तयार करायची आहे. सातारा-सांगलीत कुणी असं केलंय का? सुरुवात बचत गटांपासून करू, की तरुण मंडळांपासून? सरपंचांना आधी विश्वासात घ्यावं का? बायकांना कोणती वेळ सोयीची पडते?