भर सभेत मिळालेल्या 'वचना'ची पारख कशी करायची? मदत हवी आहे

थोरली_बहीण

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अधूनमधून बाहेरून एक सेवक (प्रचारक) येतात, लोक त्यांना संदेष्टे म्हणतात. उपवास-प्रार्थनेच्या सभेत त्यांनी बहिणीला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि माइकवर म्हणाले, "प्रभू असं म्हणतो, इथे जो तरुण वर्शिप घेतो तोच तुझ्यासाठी नेमलेला आहे. उशीर करू नकोस." सगळ्यांनी जोरात 'आमेन' म्हटलं. तो मुलगा गिटार गळ्यात घेऊन तिथेच उभा होता, मान खाली घालून. बहिणीला त्याच्याबद्दल वाईट काही वाटत नाही, पण त्याच्याशी लग्न करायचं तिच्या मनात कधी नव्हतं आणि आजही नाही.

तेव्हापासून मंडळीतल्या बायका तिला 'देवाची इच्छा कधी पुरी करणार?' म्हणून विचारतात. एकीने तर देवाच्या आज्ञेपासून पळालेल्या योना संदेष्ट्याची आठवण करून दिली, पळालीस तर वादळ येईल म्हणून. मध्ये तिला ताप आला तर मला म्हणाली, "ताई, हे त्याचंच असेल का गं?"

आणखी गुंता असा की याच सेवकांनी वडिलांच्या अडकलेल्या बढतीबद्दल सांगितलं होतं आणि ते तसंच झालं. त्यामुळे आई ठाम आहे, ते खरं ठरलं म्हणजे हेही देवाकडूनच. पाळकांना मी हळूच विचारलं, तर उत्तर मिळालं, "अभिषिक्ताला हात लावू नये," म्हणजे देवाने नेमलेल्या माणसावर प्रश्न उठवू नये.

माझा भविष्यवाणीच्या दानावर, म्हणजे पवित्र आत्मा आजही माणसाकरवी बोलतो यावर, विश्वास आहे. म्हणूनच विचारते. एक भाकीत खरं ठरलं म्हणजे त्या माणसाचं सगळं खरं मानायचं का? प्रश्न विचारणं म्हणजे पवित्र आत्म्याला विरोध आहे का? आणि मनाला पटत नाही हा हट्ट समजायचा की खूण?

वचनवाचक

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोशेच्या नियमशास्त्रातच आहे. अनुवाद १८ म्हणतो, परमेश्वराच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही तर ते त्याचं वचन नव्हे. लोक इथे थांबतात आणि उलटंही खरं धरतात, की घडलं म्हणजे देवाचंच. पण अनुवाद १३ वाचा. एखाद्याने खूण सांगितली, ती घडूनही आली, आणि मग तो तुम्हाला परमेश्वरापासून दूर नेऊ लागला, तर त्याचं ऐकू नका असं तिथे स्पष्ट आहे. तिथे प्रश्न दुसऱ्या देवांच्या मागे जाण्याचा आहे, तुमचं प्रकरण तसं नाही. पण एवढं त्यातून नक्की कळतं की खरं ठरलेलं भाकीत म्हणजे कोरा चेक नव्हे. बढतीचं बढतीपाशी ठेवा. लग्नाचं वचन वेगळं तपासायला हवं.

आणि सगळे 'आमेन' म्हणाले, त्याचं ओझं बहिणीने घेऊ नये. १ राजे २२ मध्ये अहाब राजापुढे सुमारे ४०० संदेष्टे एकमुखाने 'चढाई करा, जय होईल' म्हणत होते. एकट्या मीखायाने विरुद्ध सांगितलं, त्याला थोबाडीत बसली आणि तुरुंगही मिळाला. अहाब त्या लढाईत मेला. यिर्मया २८ मधला हनन्याही मंदिरात, याजकांसमोर, 'परमेश्वर असे म्हणतो' अशीच सुरुवात करून बोलला. दोन वर्षांत बाबेलचं जू, म्हणजे बाबेलच्या राजाची सत्ता, मोडेल, म्हणाला. त्या सत्तेची खूण म्हणून यिर्मया संदेष्ट्याने मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून त्याने सर्वांदेखत मोडलंसुद्धा. समोर उभ्या असलेल्या लोकांना त्या क्षणी कोण खरं हे कसं कळणार? यिर्मयाही तिथल्या तिथे भांडला नाही. 'आमेन, परमेश्वर तसं करो' म्हणाला, आधीचे संदेष्टे काय सांगत आले याची आठवण दिली आणि निघून गेला. हनन्याला आपण पाठवलं नाही, हे परमेश्वराचं उत्तर नंतर आलं. तेव्हा बहिणीला कोणी 'आत्ताच हो म्हण' म्हणत असेल तर तिने थांबावं. थांबणं म्हणजे अविश्वास नव्हे.

प्रकटीकरण_पूर्ण

माझं मत वेगळं आहे. इब्री १:१-२ प्रमाणे देव शेवटी पुत्राच्या द्वारे बोलला आहे आणि शास्त्र पूर्ण झालं आहे. नवं 'प्रभू असं म्हणतो' आज कोणीच म्हणू नये. हे मानलं तर पारखायचा प्रश्नच उरत नाही.

थोरली_बहीण

दादा, तुमचा मुद्दा कळला. पण आमच्या घरात आणि मंडळीत दान चालू आहे असंच सगळे मानतात. 'आज भविष्यवाणी होतच नाही' म्हटलं तर आई पुढचं ऐकणारच नाही. तिला शास्त्रातूनच दाखवता येईल असं हवं आहे.

सेवानिवृत्त_पाळक

मुली, मी बरीच वर्षं मंडळ्या सांभाळल्या आहेत आणि हे दान मानतो. म्हणूनच सांगतो, इथे जे झालं ते प्रेषित पौलाने घालून दिलेल्या शिस्तीत बसत नाही. १ करिंथ १४:२९ मध्ये संदेष्ट्यांपैकी दोघातिघांनी बोलावं आणि इतरांनी त्याची पारख करावी असं आहे. बोलणाऱ्याइतकीच पारखणाऱ्यांचीही जबाबदारी. ती उचलायला कोणी पुढे आलं नाही आणि सगळा भार एका घाबरलेल्या मुलीवर पडला. मला याचंच सर्वांत वाईट वाटतं. १ थेस्सलनी ५ मध्ये 'आत्म्याला विझवू नका' आणि 'सर्व गोष्टींची पारख करा' ही वाक्यं जवळजवळ लागून आहेत. पहिलं सांगून दुसरं गाळणारा अर्धंच शास्त्र सांगतो.

'अभिषिक्ताला हात लावू नका' हे स्तोत्र १०५ मधलं आहे. तिथे देव परक्या राजांना दटावतो आहे, की भटकणाऱ्या पूर्वजांना इजा करू नका. प्रश्न विचारण्याशी त्याचा संबंध नाही. दाविदानेही आपल्या जिवावर उठलेल्या अभिषिक्त शौल राजावर हात टाकला नाही, पण गुहेबाहेर येऊन त्याच्या झग्याचा कापलेला काठ दाखवला आणि 'परमेश्वर तुझा-माझा न्याय करो' असं मोठ्याने सुनावलं.

आता अगब या संदेष्ट्याकडे बघ. प्रेषितांची कृत्ये २१. कैसरियात फिलिप्पाच्या घरी पौल उतरला आहे. अगब यहूदीयातून येतो, पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो, ज्याचा हा कमरबंद आहे त्याला यरुशलेमेत असं बांधतील. याच अगबाने आधी दुष्काळाचं सांगितलेलं खरं ठरलं होतं, म्हणजे माणूस विश्वासू. तरी तो पुढे काय होईल एवढंच सांगतो, पौलाने काय करावं ते सांगत नाही. 'जाऊ नका' म्हणून रडले ते बाकीचे. पौल गेलाच, आणि त्याला कोणी बंडखोर म्हटलं नाही. प्रभूची इच्छा होवो म्हणून सगळे गप्प झाले. खरा संदेष्टा ऐकणाऱ्याचा निर्णय त्याच्या हातून काढून घेत नाही.

आईला उत्पत्ती २४ वाचून दाखव. अब्राहामाच्या मुलासाठी, इसहाकासाठी, मुलगी शोधायला निघालेला नोकर आधीच विचारतो, मुलगी यायला राजी नसली तर? अब्राहाम म्हणतो, देव आपला दूत तुझ्यापुढे पाठवील. आणि तरीही पुढे सांगतो, ती राजी नसेल तर तू या शपथेतून मोकळा. देवाचं वचन ज्याला थेट मिळालं होतं त्या माणसाने मुलीच्या नकाराला जागा ठेवली होती. पुढे विहिरीवर खूण तंतोतंत पटली, घरच्यांनीही 'हे परमेश्वराकडून आहे' म्हटलं, तरी निघायची वेळ आली तेव्हा त्या मुलीला, रिबकेला, बोलावून 'जातेस का?' असं विचारलंच.

जुनी_मंडळी_अभ्यासक

एक जुनी गोष्ट जोडतो. दिदाखे नावाचं सुरुवातीच्या मंडळीचं एक छोटं पुस्तक आहे, त्याची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली. त्यात फिरत्या संदेष्ट्यांबद्दल नियम आहेत: तीन दिवस मुक्काम ठोकला तर खोटा, आत्म्यात येऊन स्वतःसाठी पैसे मागितले तर ऐकू नका, गरजूंसाठी मागितले तर दोष देऊ नका. गंमत नव्हे, पण तुमच्या मनातली भीतीही त्यात आहे. आत्म्यात बोलणाऱ्याची परीक्षा करू नका, असं तेच पुस्तक बजावतं. मात्र लगेच म्हणतं, आत्म्यात बोलणारा प्रत्येक जण संदेष्टा नसतो; ज्याची चाल प्रभूसारखी तोच. येशूनेही मत्तय ७ मध्ये फळांवरूनच ओळखायला सांगितलं. हे सेवक सभा संपल्यावर कसे वागतात, विरोध झाला तर कसे बोलतात, अर्पणाचा हिशेब कोणाला देतात, हे बघा. ते एका सभेत कळत नाही.

रात्रीची_प्रार्थना

बहिणीला माझ्याकडून सांगा, योनाचं वचन स्वतः योनालाच मिळालं होतं. तो पळाला ते ठाऊक असलेल्या आज्ञेपासून. तिला अशी कोणतीच आज्ञा मिळालेली नाही. आणि ताप हा ताप आहे, औषध घ्यायचं. १ करिंथ १४:३ मध्ये संदेशाचा हेतू उन्नती, उत्तेजन आणि सांत्वन असा दिला आहे. पापाची जाणीव करून देणारा शब्द बोचतो, हे खरं, पण तो काय चुकलं ते सांगतो आणि परत यायची वाट दाखवतो. इथे चूक काहीच नाही, नुसती धास्ती आहे.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र सावध राहा. 'मनाला पटत नाही' एवढ्यावर वचन खोटं ठरत नाही, मीखायाचं बोलणं अहाबालाही कधीच पटलं नव्हतं. म्हणून भांडण मनावर नेऊ नका. 'लग्न माझी संमती असेल तरच' हे शास्त्राला धरून आहे, तिथेच पाय रोवा. १ करिंथ ७:३९ मध्ये विधवेलासुद्धा आपल्या इच्छेने लग्न करायची मोकळीक आहे, अट एकच, प्रभूमध्ये.

आणि त्या मुलाशी कोणी बोललं का? भर सभेत त्याचंही नाव घेतलं गेलं. त्याला तरी हे हवं आहे का?

थोरली_बहीण

नाही, त्याच्याशी कोणीच बोललं नाही. हे सुचलंच नव्हतं. आज माझे यजमान त्याला भेटतील, बहीण नको.

पाळकांकडे परत जायचं तर काय मागू? भांडण करायचं नाहीये, ते आमचे पाळक आहेत.

सेवानिवृत्त_पाळक

सेवकांना खोटं ठरवा असं मागू नकोस, त्यात सगळेच अडकतील. एवढंच माग: चर्चच्या वडीलमंडळींनी बसून या वचनाची पारख करावी, तोवर कोणी बहिणीला या विषयावर बोलू नये, आणि हे पाळकांनी व्यासपीठावरून सांगावं. वचन सभेत दिलं गेलं, तर ही सूचनाही सभेतच व्हायला हवी. जाताना शब्द नेमके घेऊन जा. आठवड्याभरात लोकांच्या तोंडी 'नेमलेला आहे'चं 'नाही केलंस तर शाप' होतं. रेकॉर्डिंग आहे का?

थोरली_बहीण

मंडळीच्या ग्रुपवर आहे. उतरवून घेते. पाळकांना द्यायचं पत्र लिहून इथे टाकलं तर बघाल का?

सेवानिवृत्त_पाळक

टाक. मंडळीचं आणि माणसांची नावं काढून टाक, आणि आधी बहिणीला वाचायला दे.