मदत हवी आहे: एनएफएलचे जुने-नवे विक्रम एकाच तक्त्यात कसे बसवायचे?

मंडळी, इथे अमेरिकन फुटबॉल बघणारं कुणी आहे का? एनएफएल या त्याच्या व्यावसायिक लीगमधल्या, चेंडू घेऊन धावण्याच्या विक्रमांचा एक्सेल तक्ता करतेय आणि सामन्यांच्या संख्येपाशी गाडी अडलीय. १९४७ ते १९६० प्रत्येक संघाला हंगामात १२ सामने, १९६१ पासून १४, १९७८ पासून १६, २०२१ पासून १७. त्यात खेळाडूंच्या संपामुळे १९८२ मध्ये जेमतेम ९ झाले आणि १९८७ मध्ये १५, त्यातलेही तीन बदली खेळाडू उतरवून उरकलेले!

ओ. जे. सिम्पसनचे १९७३ मध्ये १४ सामन्यांत २००३ यार्ड. एरिक डिकरसनचे १९८४ मध्ये १६ सामन्यांत २१०५. विक्रम डिकरसनचा, पण दर सामन्याला सिम्पसन १४३ आणि डिकरसन १३२ च्याही आत. नुसत्या बेरजेवर क्रम लावणं मला तरी पटत नाही. सरासरी धरावी, तर दुखापतीमुळे चार-पाचच सामने खेळलेला गडी वर जाऊन बसतो.

मग किमान सामन्यांची अट ठरावीक आकड्यात ठेवू की त्या हंगामाच्या टक्केवारीत? आणि १९८७ चे ते तीन सामने धरू की वगळू? क्रिकेटची आकडेवारी करणाऱ्यांनीही सुचवा, चालेल.