वैद्यकीय शिक्षण मध्येच थांबवून धंद्यात उतरलेल्यांनो, लिहा (अनुभव धागा, खान्देश)

जळगावची डॉक्टरताई

गेले काही महिने एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून कानावर येतोय: ‘ताई, एक वर्ष सुट्टी घेऊन धंदा उभा करू का?’ विचारणारी मुलं-मुली धुळे, जळगाव, नंदुरबारच्या कॉलेजांतली. कोणाच्या घरी केळी, कोणाच्या घरी कापसाचं जिनिंग, कोणाचा मिरचीचा व्यापार. दहावीपासून नीटपर्यंत मान खाली घालून अभ्यास केलेली ही मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा इकडेतिकडे बघतात, आणि नेमकं तेव्हाच घरी बापाला हाताखाली माणूस हवा असतो.

मी स्वतः अशी सुट्टी घेतलेली नाही, म्हणून ज्यांनी घेतली त्यांनीच लिहावं. अर्ज कसा केला, पैसा कुठून उभा केला, परत आल्यावर वॉर्डात काय झालं, घरचे काय म्हणाले. नियम तेवढे मी सांगते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे प्रवेशापासून 9 वर्षांच्या आत एमबीबीएस पुरं करावंच लागतं, आणि पहिल्या वर्षाची परीक्षा 4 पेक्षा जास्त वेळा देता येत नाही. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि पुढे वर्षभर इंटर्नशिप. एखादं वर्ष त्यात नक्की बसतं. पण पहिल्या वर्षातच अडकून पडलेल्याने हा हिशोब नीट मांडूनच पाऊल उचलावं.

तापीकाठ

आमची केळीची बाग रावेर तालुक्यात. वर्षानुवर्षं एकच रीत: घड बागेत कापायचे, व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये भरायचे, भाव बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे बघून ठरणार. पिकवून विकण्यातला पैसा दुसऱ्याचा. दुसरं वर्ष पास झालो आणि वडिलांनी रायपनिंग चेंबरचं, म्हणजे केळी पिकवायच्या बंद थंड खोलीचं, मनावर घेतलं. त्यांना कागदपत्रं आणि मशिनरीवाल्यांशी बोलणं जमेना, धाकटा भाऊ अजून शाळेत. मी अधिष्ठात्यांना (डीनना) लेखी अर्ज दिला, कारण ‘कौटुंबिक व्यवसाय’ असंच स्पष्ट लिहिलं. आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट जोड, असं सांगणारे भेटले. मी जोडलं नाही आणि तुम्हीही जोडू नका. डॉक्टर होणाऱ्या माणसाच्या फाइलला असला कागद लागू नये.

पैसा कृषी पायाभूत सुविधा निधीतून. 2020 पासूनची योजना आहे, 2 कोटीपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत, जास्तीत जास्त 7 वर्षं. रायपनिंग चेंबर त्यात बसतं. कर्ज वडिलांच्या नावावर काढलं, कारण सातबारा त्यांचा.

आता चेंबरमधलं सांगतो, कारण ते वर्ष मी तिथेच काढलं. फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर देशात बंदी आहे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. फळ पिकवणारा इथिलीन वायू चालतो, 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग). खोली 16 ते 18 अंशांवर, हवेत भरपूर ओल. भिंतीवरचा आकडा बरोबर दिसतो, पण मधल्या क्रेटमधल्या केळात थर्मामीटर खुपसला की गराचं तापमान जास्त निघतं. पिकणारं फळ श्वास घेतं आणि उष्णता सोडतं. आत साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढला नाही तर पिकणं रखडतं आणि रंग डागाळलेला येतो. फिजिओलॉजीत पाठ केलेला श्वसनाचा धडा मला तिथे खरा कळला. रात्री वीज गेली की जनरेटर लावायला उठायचं काम माझंच.

परत आलो तेव्हा माझी बॅच पुढे गेलेली. ज्युनियर मुलांबरोबर मेडिसिनच्या वॉर्डात उभा राहिलो, एका आजीच्या छातीवर स्टेथो ठेवला आणि मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकूच येईना. शेजारच्या मुलीला लगेच ऐकू आला. पुढे रोज संध्याकाळी वॉर्डात थांबून रुग्ण तपासले, सिस्टरांनी सांभाळून घेतलं, तेव्हा हळूहळू कान तयार झाला. ज्याला जायचंय त्याने सुट्टीतही आठवड्यातून एकदा कुठल्यातरी डॉक्टरच्या ओपीडीत बसावं. पुस्तक घरी वाचता येतं, पण कान आणि बोटं सराव मागतात.

अमळनेरची आई

मी आईच्या बाजूने लिहिते. मुलाने नीटसाठी दोन वर्षं ड्रॉप घेतलेला, त्यात धंद्यासाठी सुट्टीचं हे नवीन. माझ्या सासूबाई त्याला एवढंच म्हणाल्या, ‘आधी डाक्टर व्हय, मंग जे करनं ते कर.’ नात्यातल्या लग्नाला गेले की प्रत्येक जण विचारायचा, पोरगा नापास झाला का? सुट्टी घेतली म्हटलं तरी कोणाला पटायचं नाही.

आमच्याकडे असा विषय निघाला की जळगावच्या जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांचं नाव येतंच. सरकारी नोकरी नाकारून 1963 साली 7,000 रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली, हे खान्देशातल्या लहान पोरालाही माहीत आहे. मुलानेही तेच ऐकवलं. मी म्हटलं, बाबा, कायद्याची पदवी आधी त्यांच्या हातात होती, ते का विसरतोस? तरीही मी त्याला अडवलं नाही. जबरदस्तीने वॉर्डात उभं केलेलं पोर रुग्णाकडे काय लक्ष देणार? फक्त एक अट घातली: परत रुजू व्हायची तारीख कॉलेजकडून लेखी घेऊन ये, मगच बॅग भर.

चोपडा_सातपुडा

माझा धंदा वैद्यकीयच होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि मोटरसायकलवरून तालुक्याच्या लॅबला पोचवायचे. तिसऱ्या वर्षाचा पहिला भाग झाल्यावर थांबलो. गरज खरीच होती. साखर तपासायला पाड्यावरच्या माणसाचा दिवसाचा रोजगार बुडतो.

इथला मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा 45 च्या घरात. उन्हात डबा तापला की लाल पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं. साखर टिकवणाऱ्या फ्लोराइडच्या नळीत न घेतलेल्या रक्तातली साखर वाटेतच उतरते. चुकीचा रिपोर्ट हा न केलेल्या तपासणीपेक्षा घातक, म्हणून आइस पॅक, वेळेची नोंद, गोळा करणाऱ्या पोरांचं प्रशिक्षण यावरच सगळा जोर दिला. पुढे स्वतःची लॅब काढायचा विचार आला आणि तिथे वाट थांबली. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच लागते, सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय. मला जे उभारायचं होतं त्याची चावी मी अर्धवट सोडलेल्या शिक्षणातच होती. परत गेलो, इंटर्नशिप केली, आता पॅथॉलॉजीचीच तयारी चालू आहे. नमुने गोळा करणारी पोरं अजून गावोगाव फिरतात, काम भावाने चालू ठेवलंय.

डाळमिलवाला

मी सुट्टी घेतली नाही, ती माझ्यावर आली. वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा तुरीचा हंगाम ऐन भरात होता, आवारात माल उतरलेला आणि कामगार वाट बघत बसलेले. वर्षभरासाठी म्हणून आलो, तो परत गेलोच नाही. मिल चालते, पस्तीस घरांची चूल तिच्यावर पेटते. कोणी ‘सीट वाया घालवली’ म्हटलं की वाईट वाटतं, कारण ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली असती हे खरं आहे. म्हणून सांगतो, परत जाणार नाही असं पक्कं ठरलं की कॉलेजला लवकर कळवा, अधांतरी ठेवू नका.

दोंडाईचाकरीण

मुलींचं वेगळं आहे, म्हणून लिहिते. आईचा काळ्या मसाल्याचा घरगुती धंदा. मिरची इथल्याच बाजारातली, कधी नंदुरबारच्या पथारीवरून, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावरून, आणलेली. तिला मशीन घालून वाढवायचा होता. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान आहे, 10 लाखांपर्यंत, पण अहवाल आणि बँकेच्या चकरा तिला एकटीला झेपत नव्हत्या. मी घरी आले आणि पंधरवड्यात पहिलं स्थळ आलं. ‘आता घरीच आहे ना’ हे वाक्य ऐकून ऐकून जीव विटला. भाऊ वर्षभर घरी बसून धंदा करतो तेव्हा तो कर्तबगार. मुलगी तेच करते तेव्हा तिचं शिक्षण संपलं असं सगळे धरून चालतात.

शेवटी वडिलांनी दारातच सांगायला सुरुवात केली, ‘पोरगी जूनमध्ये कॉलेजला परत जाणार आहे, तोवर मशीन बसवतेय.’ त्यानंतर चौकश्या थांबल्या. मुलींनो, घरातल्या एका मोठ्या माणसाला हे वाक्य चारचौघांत बोलायला लावा. तुमचं तुम्ही कितीही सांगा, लोक ऐकत नाहीत.

अनवधानाने मिरचीचा हात डोळ्याला लागला की आजही त्या उन्हाळ्यातली भांडणं आठवतात. पण मसाल्याच्या पाकिटावर आईचं नाव छापून आलं, ते मला हवंच होतं.

जळगावची डॉक्टरताई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोघींनी शिष्यवृत्तीबद्दल विचारलंय. महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरच्या राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला अभ्यासक्रमात 2 किंवा जास्त वर्षांचा खंड चालत नाही, म्हणून एका वर्षाच्या आत परत यायचं ठरवूनच निघा. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला अर्जाची प्रत आधी द्या. हप्ते साधारण अभ्यासक्रम संपल्यावर वर्षाने सुरू होतात आणि बँकेकडे तुमची जुनीच तारीख असते. सरकारी कॉलेजवाल्यांचं एक वर्षाच्या सेवेचं बंधपत्र सुट्टीने संपत नाही, ते पुढे तसंच उभं असतं. हजेरी थिअरीला 75 आणि प्रात्यक्षिकाला 80 टक्के लागते, त्यामुळे सत्राच्या मध्यात उठून जाऊ नका, परीक्षा देऊन निकाल हातात घेऊन निघा.

इंटर्नशिपच्या काळात धंदा सांभाळलेलं कोणी असेल तर त्यांनीही लिहा, त्याबद्दल अजून एकही अनुभव आलेला नाही.