सिकिराशी लग्न की बाजारातल्या मतांशी?

मृगजळ (मूळ धागा)

आमच्या वाचनगटात गेल्या रविवारी ओला रोटिमी या नायजेरियन नाटककाराचं 'अवर हजबंड हॅज गॉन मॅड अगेन' वाचून झालं. 'आमच्या नवऱ्याला पुन्हा वेड लागलंय' असा नावाचा अर्थ. त्यातला 'आमच्या' महत्त्वाचा, कारण बायका तीन आहेत. वाचताना सगळे पोट धरून हसले आणि शेवटी मत पडलं की बहुपत्नीत्वाची खिल्ली उडवणारा फार्स आहे, बास. मला ते पटलं नाही, म्हणून हा धागा.

नाटक न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. लेजोका-ब्राउन हा लष्करातून बाहेर पडलेला मेजर. आता कोकोचा व्यापारी, मुक्काम लागोस, आणि नुकताच राजकारणात उतरलेला. घरात दोन बायका. मामा रशीदा ('मामा' म्हणजे इथे आई) ही त्याच्या वारलेल्या भावाची बायको, घराण्याच्या रीतीने त्याच्याकडे आलेली. सिकिरा तरुण आहे, आणि तिची आई बाजारात विक्री करणाऱ्या बायकांच्या संघटनेची अध्यक्ष. त्या बायकांची मतं हवीत म्हणून सिकिराशी लग्न. तिसरी लायझा, मूळची केनियाची. ती त्याला काँगोत भेटली, मग अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली. घरात आणखी दोघी आहेत याचा तिला पत्ता नाही, आणि ती विमानाने लागोसला येते. इथून गोंधळ सुरू होतो.

माझं म्हणणं असं. लग्नं तीन असली तरी परंपरेतून आलेलं एकच आहे, मामा रशीदाचं. विधवेला आणि तिच्या पोरांना घराबाहेर पडू द्यायचं नाही, ही त्यामागची भावना. सिकिराशी लग्न हा निवडणुकीपुरता व्यवहार आहे, त्याला फक्त परंपरेचं लुगडं नेसवलंय. रोटिमी ज्यावर वार करतो ते बहुपत्नीत्व नव्हे. मतांसाठी लग्नासारखी गोष्टही वापरून टाकणारं राजकारण, हे त्याचं लक्ष्य आहे. लेजोका-ब्राउनला राजकारण कशासाठी हवंय? राष्ट्राच्या केकचा मोठा तुकडा 'चॉप' करायला. नायजेरियन पिजिनमध्ये, म्हणजे तिथल्या इंग्रजीवर बेतलेल्या बोलीत, चॉप म्हणजे खाणे. आपण 'पैसे खाल्ले' म्हणतो, तेच क्रियापद. हे वाचलं तेव्हा नाटक मला एकदम जवळचं वाटलं.

आणि साल बघा. रोटिमी अमेरिकेत येल विद्यापीठात शिकत असताना, 1966 मध्ये नाटकाचा पहिला प्रयोग तिथे झाला. त्याच वर्षी जानेवारीत नायजेरियात काही मेजरांच्या पुढाकाराने लष्करी उठाव झाला आणि स्वातंत्र्यानंतर जेमतेम पाच वर्षांत निवडून आलेलं सरकार गेलं. रंगमंचावर एक माजी मेजर मोहिमेच्या थाटात मतं गोळा करतोय आणि तिकडे खऱ्या मेजरांना मतांची गरजच उरली नाही. मला ते हसू घशात अडकल्यासारखं होतं.

सरळ_रेष

सहमत नाही. तुम्ही परंपरेला फार स्वस्तात सोडलंत.

मामा रशीदाला कुणी विचारलं होतं का? दिराकडे गेलेली विधवा ही 'जबाबदारी' दिसते ती दिराच्या बाजूने. योरुबा हा नैऋत्य नायजेरियातला मोठा समाज, नाटकातलं घर त्यातलंच. त्यांच्या रीतीत लग्नाच्या वेळी मुलाकडचे मुलीकडच्यांना मोल देतात. मग नवरा मेला तरी बाई, मुलं आणि तिचे कष्ट त्याच घरात राहिले पाहिजेत, हा हिशोब त्यामागे आहे. म्हणजे सिकिराचं लग्न व्यवहार असेल तर मामा रशीदाचंही व्यवहारच आहे. एक नवा, एक जुना.

दुसरं, हसू कोणावर पडतं ते पाहा. सिकिरा भांडते, किंचाळते, मत्सर करते, आणि प्रेक्षक हसतात. लेजोका-ब्राउनची फजिती होते, पण त्याचं आयुष्य कुठे उद्ध्वस्त होतं? फार्समध्ये बायकांचं दुःख आवाज वाढवून दाखवतात आणि त्याची गंमत करतात. मी लहानपणी माझ्या आजीला तिच्या सवतीबद्दल बोलताना ऐकलंय. ती कधी आवाज चढवायची नाही.

तिसरं तुम्हीच सांगितलंत: पहिला प्रयोग येलला. म्हणजे पहिले हसणारे अमेरिकन. आणि नाटकात बाकीच्या दोघींना स्त्री-पुरुष समानता कोण शिकवतं, मामा रशीदाला अंड्यांच्या धंद्यात भाव कसा ठरतो ते कोण समजावतं? अमेरिकेत शिकलेली लायझा. शहाणपण विमानातून उतरतं. मला हे फार खुपलं.

लागोसवासी

कामानिमित्त लागोसमध्ये सहा वर्षं काढली, म्हणून लिहितो.

अंड्यांबद्दल सरळ_रेष यांचं शंभर टक्के बरोबर. मागणी-पुरवठा योरुबा बाईला बाहेरून शिकवायला लागतो, हे तिथला बाजार पाहिलेला माणूस मानणार नाही. टोमॅटो, मिरची, सुकवलेले मासे, कापड, सगळं बायकांच्या हातात. प्रत्येक मोठ्या बाजाराची एक प्रमुख बाई असते, तिला 'इयालोजा' म्हणतात, म्हणजे बाजाराची आई. तिच्या शब्दाशिवाय जागा मिळत नाही, भांडण मिटत नाही. नवऱ्याच्या पैशावर जगणं ही कल्पनाच तिथे कमी. बाई आपला गल्ला वेगळा ठेवते, मग घरात सवती किती का असेनात. सवतीला योरुबात 'ओरोगुन' म्हणतात आणि त्या शब्दात आपल्या 'सवत'सारखाच काटा आहे. थोरलीला 'इयाले' म्हणतात, तिचा मान वेगळा. मामा रशीदाचा शांतपणा मला त्या मानातून आलेला वाटतो, भोळेपणातून नाही.

पण सिकिराबद्दल मात्र मृगजळताईंच्या बाजूने. तिच्या आईचं अध्यक्षपद ही रोटिमीची कल्पनाशक्ती नव्हे. लागोसच्या बाजारातल्या बायकांची पुढारी होती आलिमोतु पेलेवुरा. मासे विकणारी, शाळेचं तोंड न पाहिलेली. तिने ब्रिटिशांच्या करांविरुद्ध बायका रस्त्यावर आणल्या आणि दुसऱ्या महायुद्धात सरकारने ठरवलेल्या भावाने अन्नधान्य विकायला नकार दिला. आबेओकुटा या योरुबा शहरात फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांनी बायकांवरच्या कराविरुद्ध हजारो जणी उभ्या केल्या आणि 1949 मध्ये तिथल्या राजाला, अलाकेला, गादी सोडून जावं लागलं. रोटिमीचा जन्म 1938 चा. त्याच्या लहानपणी हे घडत होतं.

त्यामुळे शेवटी पक्ष लेजोका-ब्राउनला बाजूला सारून सिकिरालाच उमेदवार करतो, तेव्हा ती मला फार्समधली उलटापालट वाटत नाही. ती बायकांची ताकद आधीपासून होती. तो फक्त ती आपल्या नावावर करून घ्यायला निघाला होता.

सरळ_रेष

लागोसवासी, माहितीबद्दल मनापासून आभार, पेलेवुराबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. तरी एक सांगा. त्याच फुनमिलायोंच्या मुलाने, प्रसिद्ध गायक फेला कुटीने, 1978 मध्ये एकाच समारंभात 27 बायकांशी लग्न केलं आणि त्याला आफ्रिकन परंपरा म्हणून मिरवलं. आईने राजा हलवला, आणि मुलगा परंपरेच्या नावाने हे करतो. परंपरा अशी हाताशी सापडणारी वस्तू आहे म्हणून मी तिच्याबद्दल कठोर आहे. मृगजळताई म्हणतात राजकारणाने परंपरा वापरली. माझ्या मते ती वापरण्यासारखी होती, म्हणूनच वापरली गेली.

काळा_कोट

कायद्याची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहिते.

नायजेरियात लग्नाचे दोन रस्ते आहेत. विवाह कायद्याखाली नोंदणी केलीत तर एकच जोडीदार. रीतिरिवाजाने किंवा इस्लामी पद्धतीने केलंत तर अनेक बायका चालतात. एक रस्ता धरून दुसऱ्यावर पाय ठेवलात तर दक्षिण नायजेरियाच्या फौजदारी संहितेत सात वर्षांपर्यंत कैद आहे. प्रत्यक्षात खटले क्वचितच होतात. ही दोन कायद्यांमधली फट नाटकात थेट दिसते. लायझा स्वतःला एकमेव बायको समजून येते. त्याच घरात मामा रशीदा आणि सिकिराही आपापल्या जागी बायकोच आहेत. तिघींपैकी कुणाचा हक्क खोटा म्हणणार?

सरळ_रेष यांना परंपरा एकसंध वाटते, मला नाही वाटत. आपल्याकडचंच बघा. मुंबई प्रांतात 1946 मध्ये हिंदूंच्या दुसऱ्या लग्नावर बंदीचा कायदा आला. त्याला आव्हान दिलं गेलं, मुलगा होणं हे धर्मकर्तव्य आहे आणि त्यासाठी दुसरी बायको लागते, असा युक्तिवाद झाला. 1951 मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या छागला आणि गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने कायदा कायम ठेवला. तेव्हाही कोर्टात 'परंपरा' म्हणून उभी केलेली गोष्ट एका पुरुषाची सोय होती. आणि लायझाच्या केनियात? 2014 चा विवाह कायदा करताना, नवी बायको आणण्याआधी पहिलीची संमती घ्यायची तरतूद पुरुष खासदारांनी काढून टाकली. बायका खासदार रागाने सभागृहातून उठून गेल्या. नाटक लिहिलं गेल्याला तोवर जवळपास पन्नास वर्षं झाली होती.

मृगजळ

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. मामा रशीदाबद्दल मी चुकले. 'घराबाहेर पडू द्यायचं नाही' हे वाक्य मी किती सहज लिहून गेले. ते वाक्य तिच्या तोंडी घालून पाहिलं तर अंगावर येतं. लायझाच्या शिकवण्याबद्दलही आक्षेप मान्य.

सिकिरावर मात्र मी ठाम आहे. आमच्या गटात तिची वाक्यं ज्या मैत्रिणीने वाचली, ती पाच वर्षं गावची सरपंच होती, महिलांसाठी राखीव जागेवर. वाचताना सगळे हसत होते, ती सगळं जोरात, भांडणाच्या सुरात वाचत होती. उमेदवारीचा प्रसंग आला तेव्हा तिचा आवाज खाली आला. नंतर म्हणाली, "माझं नाव पाटीवर होतं आणि खुर्चीत दीर बसायचा. दोन वर्षं मी नुसत्या सह्या केल्या. तिसऱ्या वर्षी ग्रामसभेत त्याला उठायला सांगितलं." सिकिराच्या किंचाळण्यात तिला मत्सर दिसला नाही. ज्या घरात आपल्याला काही कारणासाठी आणलंय आणि काम झालं की सोडणार आहेत, तिथली बाई दुसरं काय करणार, असं तिचं म्हणणं. सरळ_रेष, तुमच्या आजी आवाज चढवायच्या नाहीत म्हणालात. त्यांना कुठे जायला जागा होती का?

सरळ_रेष

नव्हती. माहेरही नव्हतं राहिलेलं.

तुमच्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा. पण तिने सांगितलेली दोन वर्षं या नाटकात कुठेच नाहीत. सिकिरा उमेदवार होते आणि नाटक संपत येतं. निवडून आल्यावर तिच्या खुर्चीत कोण बसतं ते रोटिमी दाखवत नाही. माझा आक्षेप आता तेवढाच उरलाय, आणि तो लहान नाही.

लागोसवासी

पुढच्या वेळी वाचाल तेव्हा मामा रशीदाची भूमिकाही कुणा थोरल्या, संसार केलेल्या बाईला द्या. ती कोंबड्यांचा धंदा वाढवते आणि त्या घरातून आपली आपण बाहेर पडते. गडबडीत त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. लागोसमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी अशाच एक आजी अंडी विकायच्या. नवऱ्याची थोरली बायको, पण राहायच्या दुकानामागच्या खोलीत, आणि त्या खोलीचं भाडं स्वतः भरायच्या.